ब्रिक्स जुळला म्हणजे रस जुळला असं नाही: खरेदी विभागांना खुलं पत्र

खाद्य आणि पेय कारखान्यांच्या खरेदी विभागांतील सर्व सहकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी पेय बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. संत्र्याचा, लिंबाचा, ग्रेपफ्रूटचा रस ड्रमांनी आणि टँकरनी आला की तो तपासणं, चाखणं आणि पास की नापास ते ठरवणं हे माझं रोजचं काम. रस मागवता तुम्ही, वापरतो आम्ही. या दोन्हींच्या मध्ये एक गोष्ट वर्षानुवर्षं राहून जाते आहे, म्हणून हे पत्र.

हंगामाच्या तोंडावर कोटेशनं येतात. तुम्ही ती एका तक्त्यात मांडता: पुरवठादार, देश, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं ढोबळ माप), पॅकिंग, दर, पैसे देण्याची मुदत. त्या तक्त्यावरून निर्णय होतो आणि आमच्यापर्यंत येते ती थेट ऑर्डरची प्रत. तुमच्या टेबलावर साखर असते, सायट्रिक अॅसिड असतं, बाटल्या, बुचं, लेबलं असतात, आणि त्या सगळ्यांना हा तक्ता पुरतो. रसाला तो पुरत नाही. सायट्रिक अॅसिडचं पोतं बारा महिने सारखंच असतं. रस झाडावरून येतो आणि झाडाचं वर्ष दरवेळी वेगळं असतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका संत्र्याच्या पेयासाठी कॉन्सन्ट्रेटचा, म्हणजे आटवून घट्ट केलेल्या रसाचा, पुरवठादार बदलला. नव्या लॉटचे कागद चोख होते. ब्रिक्स बरोबर, आंबटपणा बरोबर, जंतूंची मोजणी नगण्य. स्पेकमध्ये, म्हणजे मालाच्या अटींच्या कागदात, जे जे लिहिलं होतं ते सगळं जुळत होतं. मी सही केली, माल लाइनवर गेला, बाटल्या भरल्या. तिसऱ्या आठवड्यात रिटेन सॅम्पलच्या, म्हणजे प्रत्येक लॉटमधून राखून ठेवलेल्या नमुन्यांच्या, रॅकवरची एक बाटली सहज हातात घेतली, तर मानेपासून दोन बोटं खालपर्यंत पेय पाण्यासारखं नितळ, फिकट पिवळं. खाली सगळा गढूळ थर. बाटली हलवली तर पेय एकजीव झालं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. रॅकवरच्या त्या लॉटच्या सगळ्या बाटल्या तशाच होत्या. आणि बाकीच्या तोवर दुकानांत पोचलेल्या होत्या.

कारण शोधायला वेळ लागला नाही. संत्र्याच्या रसाचा ढगाळपणा पेक्टिन या फळातल्याच चिकट पदार्थाच्या आधाराने टिकतो. फळातच पेक्टिन मिथाइल एस्टरेज नावाचं एन्झाइम असतं. ते पेक्टिनच्या साखळीवरचे मिथाइल गट काढून टाकतं, मग त्या साखळ्या कॅल्शियमला धरून एकमेकींना चिकटतात आणि गर घेऊन तळाशी बसतात. हे एन्झाइम चिवट असतं. जंतू मारायला जेवढी उष्णता पुरते तेवढी त्याला पुरत नाही, 90 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर जावं लागतं. पुरवठादाराने रस जंतूंपुरता तापवला होता. आमच्या पेयात एक नाजूक घटक असल्यामुळे आमचंही पाश्चरीकरण कमी तापमानाचं होतं. आधीच्या पुरवठादाराचा रस भरपूर तापवलेला यायचा, म्हणून इतकी वर्षं निभावलं, आणि हे आमच्या कुणाच्या लक्षातही नव्हतं. स्पेकमध्ये या एन्झाइमची एक ओळही नव्हती, त्यामुळे दाद मागायला जागा नव्हती. ती ओळ लिहायची जबाबदारी माझीच होती. पण ती लिहायची वेळ करारापूर्वी असते, आणि करारापूर्वीच्या बैठकीला गुणवत्ता विभागाला बोलवायची पद्धत नव्हती. मला वाटतं, बहुतेक कारखान्यांत ती आजही नाही.

आता ब्रिक्सबद्दल, कारण तक्त्यात सगळा भार त्याच्यावर असतो. ब्रिक्स म्हणजे ढोबळमानाने रसात विरघळलेल्या घन पदार्थांची टक्केवारी, त्यात मुख्यतः साखर. गोठवलेलं संत्रा कॉन्सन्ट्रेट साधारण 65 ते 66 ब्रिक्सचं येतं. 66 ब्रिक्सच्या 1 किलोत 660 ग्रॅम घन पदार्थ. त्याचा 11.2 ब्रिक्सचा रस केला तर सुमारे 5.9 किलो होतो. 11.8 चा केला तर 5.6 किलोच. कॉन्सन्ट्रेटपासून पुन्हा पातळ केलेल्या संत्रा-रसासाठी युरोपात किमान 11.2 ब्रिक्स लागतो, अमेरिकेत 11.8. म्हणजे तोच ड्रम, तोच दर, पण तुमचा माल कुठे विकला जाणार यावर प्रत्येक लिटरचा खर्च बदलतो. म्हणून दराची तुलना ड्रममागे किंवा किलोमागे करू नका, घन पदार्थाच्या किलोमागे करा. संत्रा-रसाचे वायदे न्यूयॉर्कच्या बाजारात 1966 पासून होतात आणि तिथेही भाव द्रवाच्या वजनाचा बोलत नाहीत, घन पदार्थाच्या पाउंडाचा बोलतात. न आटवलेला, थेट पाश्चरीकरण करून आलेला रस आणि कॉन्सन्ट्रेट यांची तुलना करताना तर हे हवंच. नाहीतर थेट रस फुकट महाग वाटतो, किंवा त्याच्यासोबत आपण किती पाण्याचं वाहतूकभाडं भरतो आहोत ते कळत नाही.

पण ब्रिक्स जिभेला काहीच सांगत नाही. जिभेला कळतो तो रेशो, म्हणजे ब्रिक्स भागिले आंबटपणा. 11.8 ब्रिक्सच्या रसात आम्ल 0.8 टक्के असेल तर रेशो 14.75 येतो. आम्ल 0.65 टक्के असेल तर 18 च्या वर जातो. ब्रिक्स एकच, पण हे दोन पेले शेजारी ठेवून प्या, एक तरतरीत लागेल आणि दुसरा गुळमट. हंगामाच्या सुरुवातीच्या फळात आम्ल जास्त असतं, फळ पिकत जातं तसं ते उतरतं. जातींचंही तसंच. ब्राझीलमध्ये लवकर येणारं हॅमलिन रंगाने फिकट असतं, मधल्या हंगामात पेरा येतं, शेवटी व्हॅलेन्सिया आणि नताल. व्हॅलेन्सियाचा गडद रंग सगळ्यांना हवा असतो. चांगला प्रक्रियादार हे सगळं मिसळून वर्षभर एकसारखा माल देतो. ते मिसळणं हेच त्याचं खरं कसब आहे आणि त्याचे पैसे त्याला मिळायला हवेत, असं मी मनापासून म्हणते. जो सगळ्यांत स्वस्त देतो तो बहुतेक वेळा मिसळत नाही, समोर असेल तो लॉट पाठवतो.

कडवटपणा हा तर निराळाच विषय. काही फळांचा रस, विशेषतः नेव्हल संत्र्याचा, काढल्या काढल्या गोड लागतो आणि काही तासांनी कडू होतो. फळ शाबूत असताना त्यात एक बिनकडू पूर्वघटक असतो. रस काढला की आम्लाच्या संपर्कात त्याचं लिमोनिन होतं आणि तेच कडू लागतं. त्यामुळे नमुना पाठवला त्या दिवशी कसा लागला यावर भरवसा ठेवता येत नाही. ग्रेपफ्रूटचं उलट आहे. त्यातलं नरिंजिन पहिल्या घोटापासूनच कडू लागतं आणि अनेकांना ते हवंही असतं. करारात लिमोनिनची वरची मर्यादा आकड्यात लिहा. लिहिली नाही तर कडू लॉट परत करायला हातात काही उरत नाही, कारण चव हा वादाचा विषय होतो आणि वादात माल गोदामातच पडून राहतो.

आपल्या भाषेमुळे होणारी एक गफलत मी दोनदा पाहिली आहे. आपण लेमन आणि लाइम दोघांनाही लिंबू म्हणतो. बाजारात हे दोन वेगळे रस आहेत, वेगळ्या वासाचे. अर्जेंटिनाच्या तुकुमान प्रांतातून प्रक्रियेचं लिंबू येतं ते लेमन. मेक्सिको आणि पेरूतून येतं ते लाइम, आणि त्यातही मोठं बिनबियांचं पर्शियन लाइम वेगळं आणि आपलं कागदी लिंबू वेगळं. संत्र्याचंही तसंच. आपण संत्रं म्हणतो ते सुटणाऱ्या सालीचं, मँडरिन कुळातलं. जगाच्या बाजारात ऑरेंज ज्यूस म्हणून जो रस विकला जातो तो गोड संत्र्याचा, म्हणजे आपल्या मोसंबीच्या जवळचा. अमेरिकेच्या नियमात संत्रा-रसात मँडरिनचा रस 10 टक्क्यांपर्यंतच चालतो. तेव्हा चौकशीच्या पत्रात, ऑर्डरवर, लेबलाच्या मसुद्यावर फळाचं शास्त्रीय नाव लिहा. एक ओळ जास्त जाईल, पण पुढचे गैरसमज टळतील.

लिंबाच्या कॉन्सन्ट्रेटला ब्रिक्स लावून तर काहीच हाती लागत नाही, कारण त्यात साखर कमी आणि आम्ल जास्त. तो विकला जातो लिटरमागे किती ग्रॅम सायट्रिक अॅसिड आहे यावर. 400 आणि 500 ग्रॅमचा माल सर्रास मिळतो. एकाने दर किलोला सांगितला आणि दुसऱ्याने लिटरला, तर घनता विचारल्याशिवाय तुलना करू नका. त्यात सल्फाइट (रस टिकवायला घालतात ते रसायन) आहे का तेही आधीच विचारा. युरोप आणि अमेरिका, दोन्हीकडे ठरलेल्या प्रमाणापलीकडे सल्फाइट लेबलवर जाहीर करावं लागतं, आणि ते प्रमाण किलोला अवघं 10 मिलिग्रॅम आहे. सोडियम बेंझोएट हे दुसरं टिकवणारं रसायन घातलेला रस तर माझ्या मते पेयासाठी घेऊच नये. रसात व्हिटॅमिन सी असतंच. बेंझोएट आणि व्हिटॅमिन सी एकत्र आले आणि बाटली उष्णतेत किंवा उन्हात राहिली की बेंझीन हे घातक रसायन तयार होऊ शकतं.

आता दराबद्दल थोडं कठोर लिहिते. बाजारभावापेक्षा फार खाली आलेलं कोटेशन म्हणजे सौदा जमला असं समजू नका, तिथूनच चौकशी सुरू करा. संत्रा-रसात साखर आणि पाणी घालून तो वाढवता येतो. रस काढून उरलेला गर धुऊन त्याचं पाणी मिसळता येतं. लिंबाच्या रसात बाहेरचं सायट्रिक अॅसिड ओतून आकडा गाठता येतो. या सगळ्यांत ब्रिक्स आणि आंबटपणा बरोबरच येतात, कारण ते बरोबर यावेत म्हणूनच तर भेसळ केलेली असते. पकडायच्या पद्धती आहेत. खऱ्या लिंबाच्या रसात सायट्रिकसोबत आयसोसायट्रिक अॅसिड ठरावीक प्रमाणात असतं, कारखान्यात आंबवून बनवलेल्या सायट्रिक अॅसिडमध्ये ते जवळपास नसतं. उसाची आणि मक्याची साखर कार्बनच्या समस्थानिकांवरून ओळखू येते. बीटची साखर मात्र तेवढ्याने सापडत नाही, तिच्यासाठी हायड्रोजनच्या समस्थानिकांची चाचणी लागते. युरोपातल्या रस उत्पादकांच्या एआयजेएन या संघटनेने प्रत्येक फळासाठी अशा घटकांच्या अपेक्षित मर्यादा ठरवून दिल्या आहेत. नव्या पुरवठादाराच्या पहिल्या लॉटची अशी पूर्ण चाचणी बाहेरच्या प्रयोगशाळेत करून घ्या आणि तो खर्च खरेदीच्या अंदाजपत्रकातच धरा. पुरवठादाराने पाठवलेला विश्लेषणाचा दाखला हा त्याचा शब्द आहे. त्याचा मान ठेवू, पण तपासून.

फवारणीच्या औषधांचंही विसरू नका. 2012 च्या सुरुवातीला ब्राझीलहून अमेरिकेत जाणाऱ्या संत्रा-रसात कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक सापडलं. सापडलेल्या प्रमाणात आरोग्याला धोका नाही असं तिथल्या यंत्रणेनेच सांगितलं होतं, तरी आयात मालाची तपासणी सुरू झाली, कारण संत्र्यावर ते वापरायला अमेरिकेत परवानगी नव्हती. एका देशात चालणारं औषध दुसऱ्या देशात बंद असू शकतं. तुमचा माल शेवटी कुठे विकला जाणार आहे, त्या देशाच्या अवशेष मर्यादा करारात घाला.

पुरवठ्याचं चित्र तर डोळ्यांदेखत बदललं आहे. हुआंगलाँगबिंग हा झाडांचा रोग, ज्याला व्यापारात ग्रीनिंग म्हणतात, ब्राझीलमध्ये 2004 साली आणि फ्लोरिडात 2005 साली सापडला. सिट्रस सिला हा बारीक कीटक या रोगाचा जिवाणू झाडाझाडांत पसरवतो आणि बाधित झाड बरं होत नाही. फ्लोरिडात 1997-98 च्या हंगामात संत्र्याच्या सुमारे 24.4 कोटी पेट्या निघाल्या होत्या. 2022-23 मध्ये, चक्रीवादळाचाही फटका बसल्यावर, 1.6 कोटीसुद्धा निघाल्या नाहीत. जगाला सगळ्यांत जास्त संत्रा-रस पुरवणाऱ्या ब्राझीलच्या मुख्य पट्ट्यात 2024 च्या पाहणीत सुमारे 44 टक्के झाडांवर रोगाची लक्षणं दिसली. बाधित झाडाचं फळ लहान राहतं, लवकर गळतं, त्यात साखर कमी आणि कडवटपणा जास्त असतो. 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पाश्चरीकृत (कॉन्सन्ट्रेटपासून न बनवलेल्या) संत्रा-रसाची किमान मर्यादा 10.5 वरून 10 ब्रिक्सवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. झाडांची साखर इतकी उतरली की मापदंडच खाली आणायची वेळ आली.

अशा काळात एकाच पुरवठादारावर विसंबून, हंगामाच्या शेवटी, उरलेल्या मालावर घासाघीस करणं परवडत नाही. 2024 मध्ये वायद्यांनी विक्रमी भाव गाठले तेव्हा ज्यांचे करार आधी झाले होते आणि ज्यांच्याकडे दुसरा मंजूर पुरवठादार तयार होता, त्यांची लाइन चालू राहिली. दुसरा पुरवठादार मंजूर करायला महिने लागतात: नमुने, ट्रायल, टिकाऊपणाची चाचणी, प्लँटची भेट. टंचाई आल्यावर हे काम सुरू करून उपयोग नाही. आणि शक्य असेल तर तो दुसरा पुरवठादार वेगळ्या गोलार्धातला असू द्या, म्हणजे एकाचा हंगाम संपतो तेव्हा दुसऱ्याचा सुरू झालेला असतो.

ड्रम आल्यावरचं थोडक्यात सांगते. 65 ब्रिक्सचं कॉन्सन्ट्रेट उणे 18 अंशांतही दगडासारखं गोठत नाही, दाट पाकासारखं राहतं. थेट रसाचा गोठवलेला ड्रम मात्र बर्फाचा ठोकळा असतो, आणि तो वितळायला दिवस लागतात. घाईत बाहेर उबेला ठेवला तर कडेचा रस कोमट होऊन आंबायला लागतो आणि मधोमध बर्फ तसाच असतो. तुम्ही ‘परवा सकाळी माल येतोय, दुपारी लाइन लावा’ म्हणता तेव्हा आम्ही नाही का म्हणतो, त्याचं कारण हे. गाडीतल्या तापमान नोंदीची प्रत मागणं करारात असू द्या. अॅसेप्टिक, म्हणजे निर्जंतुक करून भरलेल्या, पिशवीतला माल असेल तर हा त्रास वाचतो, पण मग अॅलिसायक्लोबॅसिलस या जिवाणूची अट घालायलाच हवी. त्याचे बीजाणू नेहमीच्या पाश्चरीकरणातून जिवंत सुटतात आणि आंबट रसातही वाढतात. बाटली फुगत नाही, रंग बदलत नाही, फक्त झाकण उघडलं की फरशी पुसायच्या जंतुनाशकासारखा वास येतो. तो त्या जिवाणूने तयार केलेल्या ग्वायकोल या रसायनाचा वास असतो. तो एकदा घेतला की माणूस विसरत नाही, आणि ग्राहकही विसरत नाही.

माझं मागणं मोठं नाही. कोटेशनं मागवायच्या आधी आम्हाला अर्धा दिवस द्या. कोणत्या पेयात हा रस जाणार, तिथे तो किती तापणार, किती महिने टिकायला हवा, ढगाळ हवा की नितळ, सालीच्या तेलाचा वास किती चालेल, हे आम्ही लिहून देऊ. तेच पुरवठादाराला पाठवा. मी ज्या चांगल्या प्रक्रियादारांशी बोलले आहे, त्यांना हे कळलं की ते स्वतःहून सांगतात, ‘तुमच्या कामाला आमचा हा ग्रेड नको, तो घ्या.’ कित्येकदा तो स्वस्तही असतो, कारण आपण गरज नसताना गडद रंगाचे पैसे मोजत असतो.

आणि पुढच्या हंगामाच्या करारावर सही करायच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी प्रयोगशाळेत या. आलेल्या तिन्ही-चारही नमुन्यांचा रस मी एकाच ब्रिक्सला पातळ करून ठेवीन, एक संच ताजा आणि एक दोन आठवडे 37 अंशांवर ठेवलेला. पेल्यांवर फक्त क्रमांक असतील, पुरवठादाराचं नाव नाही आणि दरही नाही. आधी चाखा, मग तक्ता उघडू.

आपली सहकारी,
गुणवत्ता विभागातून